खेचरांच्या घरात बगळा

टॉलिव्हर कॉलेजची टीम सेंट ऑबिनपेक्षा चांगली आहे. हे मी वाद घालायला सांगत नाही. नदी उताराकडे वाहते, रविवारी चर्चची घंटा वाजते, आणि फुटबॉलच्या मैदानात टॉलिव्हरची खेचरं सेंट ऑबिनच्या बगळ्यांना चिखलात लोळवतात. एखाद्या वर्षी लोळवत नाहीत. त्या वर्षी पंच आंधळा असतो.

आमचं अख्खं घर खेचरांचं. वडील टॉलिव्हरकडून खेळले. माझी थोरली बहीण व्हर्नेल तिथल्या बँडमध्ये ट्रॉम्बोन, म्हणजे नळी पुढे-मागे सरकवत फुंकायची पितळी तुतारी, वाजवायची. भाऊ क्लीओफस चार वर्षांचं शिक्षण सहा वर्षांत करून आला, आणि मी, डोनी, दुसऱ्याच वर्षी गणितात गटांगळी खाऊन घरी परतले. पण कॉलेज सुटलं म्हणून खेचर सुटत नाही. किरमिजी रंग एकदा अंगाला लागला की तो धुण्यात जात नाही, उन्हात विटत नाही. आमच्या दाराला किरमिजी, पडद्याला किरमिजी, आणि व्हर्नेल शाळेची बस चालवते तिच्या आरशाला टांगलेली गोंड्याची दोरीही किरमिजी.

आणि आमच्या चर्चचा डीकन, म्हणजे पाद्र्याच्या हाताखालचा वडीलधारा सेवक, एझेल मेब्री होता बगळा.

साधासुधा नव्हे, हिरवा टाय लावून प्रार्थनेला बसणारा बगळा. त्याचं आयुष्य आमच्या गल्लीत टपाल वाटण्यात गेलं. नोव्हेंबरात सामन्याचा आठवडा आला की तो आमची पत्रं दोन बोटांच्या चिमटीत धरून, जणू मेलेला उंदीर आहे अशी, व्हर्नेलच्या हातात द्यायचा. "खेचरांचं टपाल. वास येतो." व्हर्नेल म्हणायची, "द्या, द्या, डीकन. बगळ्यांना निदान पत्रं तरी पोचवता येतात. चेंडू काही रेषेपार पोचत नाही."

अशी किती वर्षं गेली. त्याची बायको गेली, मग व्हर्नेलचा नवरा, आमचे भाऊजी, गेले. डीकन निवृत्त झाला तरी आमच्या दाराशी येत राहिला. कधी पन्हाळीतली पानं काढायला, कधी झाडाखालचे पिकनचे अक्रोड वेचून द्यायला. चर्चच्या गायनात तो खर्जात गायचा, व्हर्नेल मधल्या पट्टीत. दोघांचे आवाज एकमेकांत असे मिसळायचे, जसं दुधात मध. गाणं संपलं की लगेच भांडण.

"तुमच्या पोरांना पळता येतं का हो?"

"पळता येतं, मिस व्हर्नेल. तुमच्यासारखं लाथा झाडत नाहीत, एवढंच."

साऱ्या गावाला दिसत होतं. त्या दोघांनाही दिसत होतं. पण मागच्या उन्हाळ्यात चर्चच्या मासे तळायच्या जेवणात व्हर्नेलने सगळ्यांदेखत कमरेवर हात ठेवून सांगितलं होतं, "जुगाऱ्याशी लग्न करीन, दारुड्याशी करीन, पण बगळ्याशी करणार नाही." लोक हसले. डीकनही हसला. पण त्याच्या ताटातला मासा तसाच राहिला, हे मी पाहिलं.

सामन्याच्या आधीच्या बुधवारी, गाण्याचा सराव संपल्यावर, त्याने मला चर्चच्या पायऱ्यांवर थांबवलं. टोपी हातात घेऊन तिची कड फिरवत होता.

"मिस डोनी, माझ्या मुलाने अटलांटात घर बांधलंय. माझ्यासाठी खोली ठेवलीय, खाली, जिना चढायला नको म्हणून. येता की नाही, ते रविवारी सांगा म्हणतो."

"आणि तुम्ही काय सांगणार?"

"ते मिस व्हर्नेलवर आहे. शनिवारी विचारणार आहे मी तिला. सामना सुरू व्हायच्या आधी."

"शनिवारी? अहो, दुसरा दिवस नाही मिळाला?"

"सामन्यानंतर आमच्यातलं कुणीतरी एक बोलायच्या स्थितीत नसतं. आणि तिला अंधारात ठेवून विचारायचं नाहीये मला. हिरवा टाय लावून विचारणार. पुढे तिला वाटायला नको, की माणूस बदलून मिळेल."

मी त्याला म्हटलं, लवकर या. काही झालं तरी सामना सुरू व्हायच्या आधी या. कारण आमच्या घरात एक नियम आहे, आणि तो नियम क्लीओफस सांभाळतो.

नियम असा: मोसमातल्या या एका सामन्यात आपल्या टीमचे पहिले गुण लागले, की घरात जो जिथे असेल त्याने तिथेच राहायचं. हलायचं नाही. शकुन बसला तो बसला. एका वर्षी मी अर्धे केस विंचरलेले आणि अर्धे तसेच, अशी न्हाणीघराच्या दारात उभी राहिले होते. एकदा क्लीओफस विमेवाल्याशी फोनवर बोलत होता. त्या बिचाऱ्याला सामना संपेपर्यंत फोन ठेवू दिला नाही. शेवटी तोही ओरडायला लागला. अर्ध्या खेळानंतरच्या सुट्टीत हात-पाय मोकळे करता येतात, पण खेळ सुरू व्हायच्या आत पुन्हा आपल्या जागी. हसायचं त्यांनी हसावं. त्या दोन्ही वर्षी आम्ही जिंकलो.

शनिवार उजाडला तो स्वच्छ, निळा, नुसता कडक कांजी केलेल्या सदऱ्यासारखा. चुलीवर भाजी, तव्यात मासा, कोंबडीचे पंख तिखटात घोळून ठेवलेले. व्हर्नेल आपल्या खुर्चीत, बँडची जुनी टोपी डोक्यावर. क्लीओफस टीव्हीसमोर गुडघ्यावर. मी सोफ्याच्या हातावर. आणि डीकनचा पत्ता नाही.

मी दोनदा खिडकीशी गेले. नंतर कळलं, की त्याने स्वतः केक केला होता, लिंबाचा, बायकोच्या जुन्या भांड्यात, आणि तो भांड्यातून सुटेना. मग सुरी घे, वाफ दे, फुंकर घाल. केक सुटला तेव्हा खेळ सुरू झाला होता.

तिकडे टीव्हीवर बगळ्यांनी चेंडू उंच मारला. आमच्या पोराने तो आपल्या टोकाशी झेलला, काखेत मारला आणि निघाला. एकाला हुलकावणी, दुसऱ्याच्या बगलेखालून, तिसरा पाय धरायला गेला तो नुसता गवत घेऊन उठला.

"जा बाळा! जा माझ्या राजा!" व्हर्नेलचा आवाज. बसच्या मागच्या बाकावरच्या दांडगट पोरांना गप्प बसवणारा तो आवाज.

पोरगं रेषेपार गेलं. पहिले गुण आमचे. त्याच क्षणी स्वयंपाकघराचं मागचं जाळीचं दार किरकिरलं.

"हलू नका!" क्लीओफस गरजला.

दारात डीकन एझेल मेब्री. डोक्यावर टोपी, गळ्यात हिरवा टाय, दोन्ही हातांवर केक. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक पाय बाहेरच्या पायरीवर.

स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामध्ये आमच्याकडे भिंत नाही. आम्ही तिघांनी वळून त्याच्याकडे पाहिलं, त्याने आमच्याकडे.

"अरे, हे काय—" तो म्हणाला.

"डीकन," क्लीओफस हळू आवाजात म्हणाला, रानात हरिण दिसल्यावर बोलतात तसा. "डीकन, तुम्ही शकुन आहात. पाय हलवू नका. आतलाही नको, बाहेरचाही नको."

"क्लीओफस, मी सेंट ऑबिनचा माणूस आहे!"

"देव कुणाच्या रूपाने येईल सांगता येत नाही."

व्हर्नेल इतकी हसली की टोपी घसरून नाकावर आली. "राहू द्या त्याला तसंच! बगळा तो, त्याला एका पायावर उभं राहायची सवय आहे." आणि हात नाचवत तिने लगेच जोडलं:

"बगळ्याच्या गं पायाला काटकीचा गं आधार,
खेचराने शिंक देता बगळा नदीच्या पार!"

आमच्याकडे असं आहे. नुसतं भांडता येत नाही, यमक जुळवून भांडावं लागतं. ज्याला जुळवता आलं नाही तो हरला, टीम जिंको की न जिंको. डीकनने केक जरा वर उचलला, घसा खाकरला, आणि खर्जात सुरू केलं:

"खेचर मिरवी गावी, आई माझी घोडी थोर,
बापाचं नाव पुसता मान घाली जणू चोर!"

"ओहोहो!" मी ओरडले. व्हर्नेलने मला दटावलं, "डोने, तू कुणाच्या बाजूची?" मी म्हटलं, "खेचराची. पण हे छान जमलं."

आता कुणी विचारेल, डीकन चालता का झाला नाही? कारण तोही याच गावचा. त्याच्या स्वतःच्या घरीही नियम होता: बगळ्यांचा डाव सुरू असला की डाव्या हाताने काही खायचं नाही. शकुन कुणाचाही असो, तो मोडणं म्हणजे चर्चमध्ये शीळ घालण्यासारखं. शत्रूच्या घरचा झाला तरी तो शकुन होता. शिवाय ज्या कामासाठी आला होता ते काम बाकी होतं.

म्हणून तो उभा राहिला. आणि उभ्या उभ्या भांडला. आमचे पळणारे चांगले की त्यांचे. आमच्या प्रशिक्षकाला डोकं नाही की त्यांच्याला काळीज नाही. वडिलांच्या काळातला तो पावसातला सामना कुणी जिंकला आणि खरं तर कुणी जिंकायला हवा होता.

"त्या दिवशी पंच तुमचा होता, मिस व्हर्नेल. तुमच्या मावशीचा दीर."

"दीर असला म्हणून काय झालं? मावशीचं आणि त्याचं पटत नव्हतं!"

मधूनच तो माझ्याकडे बघायचा. मी डोळ्यांनी म्हणायची, आता विचारा. तो डोळ्यांनी म्हणायचा, आता कसं विचारू, क्लीओफस अंगावर धावून येईल. आणि तिकडे टीव्हीवर आमची पोरं पुढे, पुढे, आणखी पुढे.

अर्ध्या खेळाची सुट्टी झाली. मला वाटलं, आता. पण आमच्या कॉलेजांमध्ये सुट्टीत कुणी उठत नाही. सुट्टीत बँड येतात. टॉलिव्हरचा बँड मैदानात उतरला, ट्रॉम्बोन एका झटक्यात डावीकडून उजवीकडे फिरले, सोन्याचं शेत वाऱ्याने वळावं तसे. व्हर्नेलचा उजवा हात मांडीवर आपोआप पुढे-मागे सरकू लागला. ओठ मिटलेले, डोळे पाणावलेले. अशा वेळी तिच्याशी पाद्रीसुद्धा बोलत नाही. डीकनने केक टेबलावर ठेवला, तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला, आणि बघत राहिला. बँडकडे नाही, त्या हाताकडे.

बँड गेला. तो म्हणाला, "मिस व्हर्नेल—"

"जागेवर!" क्लीओफस ओरडला. "खेळ सुरू होतोय! डीकन, केक घ्या! टोपी घाला! अरे, या केकचा तुकडा कुणी तोडला?"

"मी," व्हर्नेल म्हणाली. "लिंबू जरा जास्त झालंय."

"व्हर्नी! आता केक हलका झाला! शकुन हलका झाला!"

खोटं कशाला सांगू, तिथून आमचं बिघडलं. बगळे उठले. एकदा आले, दुसऱ्यांदा आले. आमची आघाडी विरघळत विरघळत दोन गुणांवर आली. क्लीओफस त्या कापलेल्या केककडे जखमेकडे बघावं तसा बघत होता. भाजी चुलीवर करपली, कुणी उठलं नाही.

आणि मग शेवट. घड्याळात जेमतेम काही क्षण. आम्ही दोन गुणांनी पुढे. चेंडू बगळ्यांकडे, आणि त्यांचा किक मारणारा पोरगा मैदानात येत होता. किक दोन खांबांच्या मधून गेली तर तीन गुण, सामना त्यांचा. चुकली तर आमचा. अंतर लांबचं. आमच्या प्रशिक्षकाने खेळ थांबवला, पोराला जरा घाम फुटावा म्हणून.



"मिस व्हर्नेल," दारातून आवाज आला, "माझ्याशी लग्न कराल का?"

क्लीओफसच्या तोंडून जे निघालं ते डीकनसमोर काढायचं नसतं. व्हर्नेलने मान वळवली नाही. तिचे डोळे टीव्हीवर होते, पण तिच्या मानेवरची शीर मी पाहिली, टपटप उडत होती.

"आत्ता विचारता?"

"सकाळीच विचारणार होतो. केक सुटला नाही. उद्या मुलाला उत्तर द्यायचंय, अटलांटाला जातो की इथेच राहतो."

"इथे राहून काय करणार?"

"तुमच्याशी भांडणार."

ती म्हणाली, अगदी हळू, "जागचे हलू नका, डीकन. ही किक होऊ दे. नाही हललात तर हो म्हणेन."

"हो म्हणा, हो म्हणा!" क्लीओफस कुजबुजला. "डीकन, एवढा एकच क्षण! बायको मिळतेय, घर मिळतंय, मी स्वतः तुम्हाला न्यायला येईन मिरवणुकीने!"

मी डीकनकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम होता. त्याला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं: इतका वेळ तो उभा राहिला म्हणून आम्ही पुढे होतो. तो हलला की शकुन मोडणार. तिकडे मैदानात बगळ्यांचा तो किक मारणारा पोरगा एकटा उभा होता, हिरव्या सदऱ्यातला, काटकुळा, हात कमरेवर, आकाशाकडे बघत. इकडे ही बाई, जिच्यासाठी त्याने आयुष्यात पहिल्यांदा केक केलेला.

डीकनने आतला पाय उचलला.

सावकाश उचलला, उंबऱ्याबाहेर नेला, दुसऱ्या पायाशेजारी ठेवला. जाळीचं दार मिटलं.

"मिस व्हर्नेल," जाळीपलीकडून तो म्हणाला, "विचारलं ते मागे घेत नाही. पण ती माझी पोरं आहेत."

पोराने लाथ मारली. चेंडू वर गेला, फिरत, फिरत, वाऱ्याने डावीकडे ढकलला, आणि डाव्या खांबाला आतून घासून पलीकडे पडला.

क्लीओफस तोंडावर उशी दाबून ओरडला. मी डोळे मिटून घेतले. अंगणात डीकन एझेल मेब्री, वय वर्षं पासष्टच्या पुढचं, केक हातात घेऊन गरगर फिरत होता आणि देवाचं नाव घेत होता. मग त्याला आठवलं बहुधा. तो थांबला. केक पायरीवर ठेवला. टाय सरळ केला, आणि शिक्षेला उभं राहावं तसा उभा राहिला.

व्हर्नेल उठली. बँडची टोपी काढून खुर्चीवर ठेवली. दाराशी गेली. जाळीच्या अलीकडे ती, पलीकडे तो. मी मागोमाग गेले. जाऊ नये असं कळत होतं, तरी गेले.

"हललात," ती म्हणाली.

"हललो."

"मी काय सांगितलं होतं?"

"ऐकलं होतं मी, मिस व्हर्नेल. नीट ऐकलं होतं."

"थांबला असतात तर काय झालं असतं, माहीत आहे?"

त्याने खाली पाहिलं. "तुम्ही हो म्हणाला असतात."

"म्हणाले असते. शब्द दिला होता, तोंडाने हो म्हणालेच असते." तिने जाळीवर तळवा टेकला. "आणि मग जन्मभर तुमच्याकडे बघून मनात म्हटलं असतं, हा माणूस एका बाईसाठी आपली पोरं टाकून उभा राहिला. आज त्यांना टाकलं, उद्या मला टाकेल. असा माणूस घरात घेऊन मी झोपले असते का?"

डीकनच्या हनुवटीखाली हिरवा टाय तेवढा वर-खाली होत होता.

"माझे वडील," व्हर्नेल म्हणाली, "सलग पाच वर्षं हरले. पाचही वर्षं किरमिजी कोट घालून चर्चला गेले. लोक हसले, त्यांनी कोट बदलला नाही. मला तसा माणूस हवा. तो बगळ्यांत निघाला, त्याला मी काय करू?"

"म्हणजे—"

"म्हणजे काय म्हणजे! पुढच्या दाराला हिरवा झेंडा लागणार नाही."

"मागच्या?"

"मागच्या दाराला. लहान."

"मध्यम."

"लहान, एझेल."

त्याच्या नावाने तिने त्याला कधी हाक मारली नव्हती. तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

आतून क्लीओफसचा आवाज आला, उशीतून, "ती किक डावीकडून गेली! बाहेरून गेली! पंच आंधळा होता!"

"आतून गेली," डीकन म्हणाला. "खांबाला घासून आतून गेली, बाळा."

"बाहेरून गेली," व्हर्नेल म्हणाली. "मी दोन डोळ्यांनी पाहिलं. तुमच्यासारखी अंगणात नव्हते मी."

"मी जाळीतून पाहिलं!"

"जाळीतून कुणाला दिसतं?"

"मिस व्हर्नेल, आमची टीम चांगली होती आज. एवढं तरी कबूल करा."

"आजच्या दिवशी तुमचं नशीब चांगलं होतं. टीम आमचीच चांगली. घरी जा आता. मंगळवारपर्यंत तोंड दाखवू नका मला. आमच्याकडे सुतक आहे."

"जातो." तो दोन पायऱ्या उतरला, पुन्हा वळला. "आणि उद्या मुलाला काय सांगू?"

"सांगा, लग्न ठरलं," व्हर्नेल दार लावत म्हणाली. "आणि हेही सांगा, की बायको तुमच्याशी बोलत नाहीये."